बंपर: विकत की बनवून?

थारला लोखंडी बंपर लावायचं खूळ डोक्यात शिरलं. तयार माल महाग, म्हणून भोसरीत वेल्डर गाठला. मग इंजिनियरी किडा वळवळला: ३ मिमी पोलादी पत्रा, एक चौरस मीटरला साडेतेवीस किलो! स्प्रिंगा बसणारच की. आणि टोचनाचा हूक चेसिसलाच बोल्ट केलेला हवा. पत्र्याला वेल्ड केलेला सुटला तर गोळीसारखा सुटतो.

"काय होत नाय साहेब," इति वेल्डर.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलंय, असे गार्ड म्हणजे कलम ५२ चा भंग. दंडाचं सोडा हो, पण एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो, आणि पायी चालणाऱ्याला तो पत्रा किती लागेल? आपण महिन्यातून एकदा चिखलात, बाकी रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकात!

कंपनीचाच बंपर ठेवला. वाचलेल्या पैशांत चांगला टोचनपट्टा आणला.