शेजाऱ्याच्या बोअरची खोली

मार्च लागला की दुष्काळी पट्ट्यात बोअरच्या गाड्यांची घरघर सुरू होते. एकाने तीनशे फूट घेतलं की बांधापलीकडचा चारशेच्या तयारीला लागतो. त्याला हावरट म्हणणं अन्यायाचं आहे. आपण थांबलो तर पाणी जमिनीत राहणार नाही, ते शेजाऱ्याची मोटार उपसणार, हा त्याचा हिशेब खोटा नाही. डाळिंबाची बाग डोळ्यांदेखत वाळत असताना त्याने दुसरं काय करावं?

म्हणूनच जलसाक्षरतेच्या भाषणांवर माझा फारसा विश्वास नाही. पाणी संपत चाललंय हे शेतकऱ्याला आपल्याआधी कळतं. त्याला कळत नाही ते एवढंच, की मी हात आवरला तर बाकीचेही आवरतील का? राज्याच्या २००९च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे जेमतेम दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला बंदी घातली. पण दुसरा पाळेल याचा भरवसा नसला की कायदा पाळणारा एकटा पडतो. त्याच २००९मध्ये एलिनॉर ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पाणी, कुरणं, जंगल अशी सामाईक संपत्ती लोक आपले नियम करून टिकवू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं होतं.

आपल्याकडे पांझरा नदीवरची फडपद्धत हेच सांगते. बंधाऱ्याखालचं शिवार फडांत वाटलेलं. एका फडात एकच पीक. यंदा कोणत्या फडाला पाणी आणि कोणता पडीक, हे सगळे मिळून ठरवणार. पाणी कोणी स्वतः फोडून घ्यायचं नाही. ते पाटकरी देणार, राखण जागल्या करणार. मला यातली एकपिकाची अट फार शहाणपणाची वाटते. अख्ख्या फडात गहू डुलत असताना मधेच कोणी ऊस लावला, तर तो पाटावरून चालणाऱ्यालाही दिसतो. तक्रार करायला, पुरावा द्यायला कोणाला जावं लागत नाही.

हिवरे बाजार या गावाने हीच उघड व्यवस्था जमिनीखालच्या, न दिसणाऱ्या पाण्याला लावली. तिथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला, उरेल त्यावर रब्बी. शेतीसाठी बोअर नाही. गावाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांचं काम थोर आहेच, पण सगळं श्रेय एका माणसाला देऊन आपण मोकळे होतो आणि ही पद्धत उचलायची राहून जाते.

अटल भूजल योजनेतही गावांचे ताळेबंद झाले. ते ग्रामपंचायतीच्या कपाटात असतील तर त्यांचा उपयोग शून्य. रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभा बोलवा, विहिरींची पातळी गटनंबरासह मोठ्याने वाचा, कोण किती एकर भिजवणार ते सर्वांसमक्ष लिहून घ्या आणि तो कागद पंचायतीच्या भिंतीवर लावा. याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. यंदाच्या रब्बीपासूनच हे करता येईल.