फाटक नसलेलीं स्टेशनें

आमचा एक माजी विद्यार्थी जर्मनींत बर्लिन येथें एक सत्र अभ्यासाकरितां राहून नुकताच स्वदेशीं परत आला. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठीं त्यानें तेथील आगगाड्या, बसगाड्या व ट्राम यांविषयीं एक लेख लिहिला असून छापावयास देण्यापूर्वीं तो आमच्या नजरेखालून घालविला. लेखाची भाषा स्वच्छ आहे व निरीक्षण बारीक आहे. ज्या एका दोषाविषयीं आम्ही पुढें लिहिणार आहों तो या तरुणाचा एकट्याचा नव्हे. विलायतेस गेलेला मराठी मनुष्य पत्र लिहूं लागला कीं तो दोष त्याच्या लेखणींत आपोआप उतरतो, आणि आमच्या मासिकांनीं तो पिढ्यान् पिढ्या कौतुकानें छापला आहे. म्हणूनच त्याचा जाहीर समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

लेखांतील वर्णन असें. पहिल्या दिवशीं सकाळीं आमचा विद्यार्थी भुयारी गाडीच्या स्टेशनांत उतरला आणि फाटक शोधूं लागला. फाटक कोठेंच नव्हतें. एकेकास मोजून आंत सोडणारें यंत्र नव्हतें, गणवेशांतला मनुष्य नव्हता. जिना उतरतांच सरळ फलाट. यंत्रांत पैसे टाकून तिकीट घ्यावें, शेजारच्या लहानशा पेटींत तें घालून त्यावर आपल्याच हातानें शिक्का उमटवावा, आणि गाडींत बसावें. गाडीस किती मिनिटें आहेत हें पाटीवर दिसत होतें व तितक्याच मिनिटांनीं ती आली. उतरणारे उतरेपर्यंत चढणारे बाजूस उभे राहिले. पुढें बसच्या थांब्यावर चालकानें गाडी एका अंगास कलती केली आणि बाळाची ढकलगाडी घेतलेली एक बाई कोणाच्या मदतीवांचून आंत चढली. एका रविवारीं तर हा तरुण शहराभोंवतीं वर्तुळाकार फिरणाऱ्या गाडींत नुसता मौजेखातर बसला, आणि सुमारें ३७ किलोमीटरांचा तो फेरा एका तासांत पुरा करून जेथें चढला होता तेथेंच उतरला. हा भाग आम्हीं दोनदां वाचला. नव्या शहरांत एकट्या पडलेल्या मुलास गाडीच्या खिडकींतून तें शहर हळूहळू आपलेंसें कसें वाटूं लागलें, हें त्यानें फार चांगलें लिहिलें आहे.

आणि मग निष्कर्ष येतो. या देशांत तिकीट कोणी तपाशीत नाहीं, प्रत्येकाचें मन हाच तेथला तपासनीस. आमच्याकडे असें कधींही होणार नाहीं, कारण शिस्त ही रक्तांतच असावी लागते.

रक्तापर्यंत जाण्यापूर्वीं त्यानें दादर स्टेशनापर्यंत जावयास हवें होतें. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दररोज ७० लाखांच्या आसपास माणसें प्रवास करितात, आणि त्यांना फाटक लागत नाहीं. पुलावरून उतरावें व गाडींत शिरावें. महिन्याचा पास खिशांत असलेला कारकून तो पास आठवड्याचे आठवडे कोणास दाखवीत नाहीं. मधूनच एखादा टीसी जिन्याच्या पायथ्याशीं उभा असतो, गर्दींतून एकास बाजूस घेतो, आणि तिकीट नसेल तर भाडें व वर किमान २५० रुपये वसूल करितो. बर्लिनची पद्धति तंतोतंत हीच आहे. फाटक ठेवावयाचें नाहीं, सर्वांस मोकळें सोडावयाचें, व अवचित तपासणी करून सांपडेल त्यास दंड करावयाचा. गर्दी अडूं नये म्हणून काढलेली ही एक सोय आहे, याहून अधिक कांहीं नाहीं. उलट लंडनच्या व पॅरिसच्या भुयारी गाड्यांना फाटकें आहेत. तेव्हां प्रामाणिकपणा बर्लिनच्या रक्तांत आहे, लंडनच्या नाहीं, आणि डोंबिवलीच्या आहे, असें म्हणावयास आमच्या विद्यार्थ्याची तयारी आहे काय? जी गोष्ट डोंबिवलीस पाहिली असतां ढिलाई वाटते तीच बर्लिनमध्यें पाहिली कीं शील ठरते, हा डोळ्यांचा दोष आहे.

लेख परत देतांना आम्हीं सहज विचारलें कीं, अरे, तुझें तिकीट तेथें कधींच कोणीं पाहिलें नाहीं काय? तो किंचित् थांबला. मग म्हणाला, "सर, एकदां पाहिलें होतें." सत्राचा पास हातीं येण्यापूर्वींचे ते दिवस. त्यानें तिकीट घेतलें होतें, पण घाईंत शिक्का उमटवावयाचा राहिला. दारें बंद होतांच साध्या कपड्यांतले दोघे इसम उठून उभे राहिले व तिकिटें मागूं लागले. शिक्का नसलेलें तिकीट तेथें तिकीटच नव्हे. ६० युरो दंड झाला. परदेशीं हात राखून खर्च करणाऱ्या विद्यार्थ्यास ही रक्कम लहान नाहीं. चूक माझीच होती, असें तो प्रांजळपणें म्हणाला, आणि अजून पाकिटांत जपून ठेविलेली त्या दंडाची पावती त्यानें आम्हांस दाखविली. म्हणजे तिकीट कोणी तपाशीत नाहीं हें वाक्य लिहितेवेळीं ती पावती त्याच्या खिशांत होती! आम्ही त्यास खोटा म्हणत नाहीं. विलायतेच्या पत्रांत काय लिहावयाचें हें त्याच्या जन्मापूर्वींच ठरून गेलें होतें, आणि जें त्या सांच्यांत बसेना तें त्याच्या हातून न कळत गळलें.

गोष्ट ६० युरोंपाशींच थांबत नाहीं. जर्मन दंडसंहितेच्या २६५ अ या कलमान्वयें भाडें चुकविण्याच्या हेतूनें प्रवास करणें हा फौजदारी गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा आहे. हें कलम १९३५ सालचें आहे. कोर्टानें केलेला दंड ज्यास भरतां येत नाहीं त्याला त्याऐवजीं तुरुंगांत दिवस काढावे लागतात. आणि असे दिवस कोणाच्या वांट्यास येतात हें सांगावयास नको. अशा कैद्यांचा दंड भरून त्यांना सोडविण्यासाठीं २०२१ सालीं तेथील कांहीं नागरिकांनीं वर्गणीचा एक निधि सुरू केला. ज्या मनाच्या पाठीशीं फौजदारी कायदा उभा आहे तें मन तिकीट काढूं लागलें तर त्यांत नवल तें काय?

आतां वक्तशीरपणा. जर्मन मनुष्य घड्याळाबरोबर जन्मास येतो अशी आमच्याकडे एक दृढ समजूत आहे. परंतु २०२४ सालीं जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकीं अवघ्या ६२.५ टक्के वेळेवर पोंचल्या. यांतही सहा मिनिटांच्या आंतला उशीर हा उशीर धरीत नाहींत, आणि जी गाडी मुळींच सुटली नाहीं ती हिशेबांतच येत नाहीं. शेजारीं स्वित्झर्लंडांत तीन मिनिटांचा उशीर हाच उशीर धरितात, तरी ९० टक्क्यांहून अधिक प्रवासी वेळेवर पोंचतात. आणि उशिरानें आलेल्या कांहीं जर्मन गाड्या तर बाझेलच्या हद्दीवरच थांबवून पुढें आंत घेत नाहींत, कारण त्या स्विस वेळापत्रक बिघडवितात. झ्युरिकचे लोकही जर्मनच बोलतात. मग रक्तांत असा फरक कोठून पडला? रक्तांत पडला नाहीं, रुळांत पडला. १९९४ सालीं जर्मन रेल्वेची एक कंपनी करण्यांत आली, पुढें तिचे भाग बाजारांत विकण्याचा बेत झाला व तो २००८ सालीं सोडावा लागला. रूळ, पूल व सिग्नल यांची दुरुस्ती मात्र वर्षानुवर्षें मागें पडत गेली. घड्याळें तींच राहिलीं, गाड्या चुकूं लागल्या.

याहून सोपा दाखला खुद्द बर्लिनच्या ट्रामचा आहे. युद्धानंतर शहराचे दोन तुकडे झाले. पश्चिम बाजूच्या कारभाऱ्यांनीं आपल्या ट्राम एकेक करून बंद केल्या. शेवटची १९६७ सालीं गेली. पूर्व बाजूनें त्या चालू ठेविल्या. आज त्या शहरांत ट्रामचें जाळें प्रामुख्यानें पूर्वेसच आहे, हें आमच्या विद्यार्थ्यानेंही पाहिलें आहे. पण कां, हें विचारलें नाहीं. एकच शहर, एकाच कुळांतलीं माणसें, भाऊ इकडे व बहीण तिकडे. (मुंबईनें आपली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं पोंचती केली, म्हणजे या बाबतींत आमचें रक्त पश्चिम बर्लिनच्या रक्ताशीं चांगलेंच जुळतें.)

पैशाचा प्रश्न असल्या लेखांत येतच नाहीं. लोकांस पुरेशी वाहतूक पुरविणें हें जगण्याच्या आवश्यक तरतुदींपैकीं एक सरकारी कर्तव्य आहे, असें जर्मनींत कायद्यांत लिहून ठेविलें आहे, आणि त्यापोटीं मध्यवर्ती सरकार घटक राज्यांना अलीकडे दर वर्षीं १० अब्ज युरोंहून अधिक रक्कम देतें. मे २०२३ पासून देशभरच्या शहरी व प्रादेशिक गाड्यांकरितां महिन्याचा एकच पास ४९ युरोंत देण्यांत आला. पुढें त्याची किंमत वाढत गेली खरी, तरी तिकिटांतून न निघणारा खर्च कोणी सोसावयाचा याविषयीं तेथें सरकारासरकारांत उघड भांडण होतें. आमच्याकडे मुंबईच्या बसची तूट एके काळीं विजेच्या धंद्यांतील नफ्यांतून भागविली जात असे. तो आधार तुटला. ज्या बेस्टपाशीं ४,००० हून अधिक गाड्या होत्या तिच्यापाशीं २०२५ सालीं ३,००० देखील राहिल्या नाहींत, आणि त्याच सालच्या मे महिन्यांत किमान भाडें ५ रुपयांचें १० रुपये झालें. मुंबईच्या बसथांब्यावरची रांग ही साऱ्या देशांत वाखाणली गेलेली गोष्ट आहे. परंतु रांग ही पुढच्या गाडीच्या खात्रीवर उभी असते. चाळीस मिनिटांनीं एक गाडी, तीही भरलेली, अशी स्थिति झाली कीं मग रांग मोडते, आणि रांग मोडलेली पाहून कोणी तरी विद्वान् रक्ताविषयीं लेख लिहितो.

आम्हीं स्वजनांचें वकीलपत्र घेतलेलें नाहीं. बसच्या खिडकींतून थुंकणाऱ्या गृहस्थास आम्ही बर्लिनमध्यें जन्मास आला असतास तर थुंकला नसतास, असें म्हणून सोडून देणार नाहीं. परंतु माणसाच्या संवयीची निंदा करणें निराळें, व तिच्या नांवावर कारभाऱ्यांचा जाब चुकविणें निराळें. २०२२, २०२३ व २०२४ या तीनही वर्षीं मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दर वर्षीं २,००० हून अधिक माणसें मेलीं. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दोन भरगच्च गाड्या शेजारून जात असतां दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले व त्यांतले किमान ४ जण दगावले. त्या दिवशीं दुपारीं आमच्याच अध्यापकांच्या खोलींत एक सुशिक्षित गृहस्थ चहा पीत म्हणाले, "लोंबकळतात कशाला? आपले लोकच तसे." आपले लोकच तसे! या तीन शब्दांत गाड्यांची संख्या, डब्यांची दारें, कल्याणापलीकडे लोक राहावयास कां गेले, कचेऱ्या कोठें राहिल्या, हें सगळें बुडून जातें, आणि कोणासही कांहीं करावें लागत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या लेखाचें शेवटचें वाक्य व त्या गृहस्थांचें हें वाक्य, दोन्ही एकाच टांकसाळींतलीं आहेत.

हें आम्ही उंचावरून बोलत आहों असें मात्र कोणास वाटूं नये. १९९४ सालीं आम्हीही शिक्षणाकरितां लंडनास होतों, आणि तेथील बसच्या रांगेचें चार पानें वर्णन करून, ही शिस्त आपल्याकडे येण्यास शतकें लागतील, असें वडिलांना लिहिलें होतें. वडील फोर्टमधल्या एका कचेरींत कारकून होते व तीस वर्षें परळच्या थांब्यावरून बसनें जात. त्यांचें उत्तर हवाई पत्रावर आलें. घरचा मजकूर झाल्यावर खालीं दोन ओळी होत्या: रांग येथेंही असते. तूं लहानपणीं माझें बोट धरून तींतच उभा होतास.

विद्यार्थी आपला लेख परत घेऊन गेला आहे. वर्तुळाकार गाडीचा भाग तसाच ठेवावा असें आम्हीं त्यास सांगितलें. पावतीचें काय करावयाचें याचा तो विचार करीत आहे. अंक छापखान्यांत जावयास अजून पंधरा दिवस आहेत.