निर्दोष सुटला, पुढे काय?

अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर जानेवारी २००६मध्ये ‘इन जस्टिस’ नावाची मालिका सुरू झाली आणि तेरा भागांत संपलीही. चुकीने शिक्षा झालेल्यांना सोडवणाऱ्या वकिलांची ती कथा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला गुन्हा ज्युरीने मानला तसा दाखवायचा आणि शेवटी तो प्रत्यक्षात घडला तसा. मधल्या चाळीस मिनिटांत तपासातली खोट उघडी पडते. तुरुंगाचे दार उघडते, आई मुलाला कवटाळते, आपण डोळे पुसतो.

वकिलीचे शिक्षण घेणारी माझी पुतणी शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, “चाचा, उशीर झाला तरी शेवटी न्याय मिळतोच ना?”

माझा राग आहे तो याच वाक्यावर.

मालिका सुरू झाली त्याच वर्षी, ११ जुलैला, मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. १८०हून अधिक माणसे मेली. तेरा मुसलमान तरुणांवर खटला चालला. २०१५मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. तेरावे, शिक्षक असलेले वाहिद शेख, नऊ वर्षे कोठडीत काढून निर्दोष सुटले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतला एक जण हा निकाल ऐकायला जिवंत नव्हता. तो २०२१मध्ये कैदेतच वारला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये, एवढे त्या न्यायालयाने म्हटले. सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलेले नाही.

आता सांगा, एकोणीस वर्षांचा हा भाग कोणत्या वाहिनीने दाखवायचा?

त्याच वर्षी ८ सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावच्या बड्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मरणारे बहुतेक मुसलमान, आणि पकडलेले नऊ जणही मुसलमानच. २०१६मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर एक जण दुनिया सोडून गेला होता.

साधा पोलीस कर्मचारी असो की वरिष्ठ अधिकारी, त्याच्यासमोर दिलेला कबुलीजबाब आपल्या सर्वसाधारण कायद्यात पुरावा ठरत नाही. मारून काहीही वदवून घेता येते, हे इंग्रजांनाही कळत होते. मकोकाने मात्र अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरली. लोकल स्फोटांच्या खटल्यात असेच कबुलीजबाब मोठा आधार होते आणि उच्च न्यायालयाने ते फेटाळले. तेव्हा चूक एखाद्या वाईट हवालदाराची नाही. चुकीला वाट कायद्यानेच करून दिली आहे. मालिका आपल्याला एक खलनायक देते आणि व्यवस्थेला सोडून देते.

दुसरी गोष्ट भरपाईची. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्रकरणात १९८९मध्ये पाच कोवळी मुले पकडली गेली. २००२मध्ये खरा गुन्हेगार कबूल झाला, डीएनए जुळला, शिक्षा रद्द झाली. पण त्या शहराला २०१४मध्ये सुमारे चार कोटी दहा लाख डॉलर मोजावे लागले. त्या पाचांतले युसूफ सलाम पुढे त्याच शहराच्या कौन्सिलवर निवडून आले. आपल्याकडे काय? विधी आयोगाने २०१८मध्ये आपल्या २७७व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला. तो कायदा अजून झालेला नाही. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून मिळणाऱ्या भरपाईची जुनी मर्यादा होती एक हजार रुपये! एवढ्या पैशांत कोर्टाच्या किती फेऱ्या होतात, ते तारखा भोगलेल्या कुठल्याही अम्मीला विचारा.

कुणी म्हणेल, तुम्ही फक्त आपल्या लोकांसाठी रडता. हा टोमणा आपण ऐकून घ्यावा, कारण त्यात थोडे तथ्य आहे. वकील न मिळालेला पारधी, नक्षलवादी म्हणून डांबलेला आदिवासी, जामिनाचे पैसे नसलेला दलित, यांच्यासाठी आपल्या जमातींनी किती जलसे घेतले? हा प्रश्न मुसलमानांचा म्हणून मांडला तर सरकारला तो टाळणे सोपे जाते. नागरिकाचा म्हणून मांडला तर अवघड जाते.

आणि लोकलमध्ये ज्यांची माणसे गेली, त्यांना मी विसरलेलो नाही. त्यांनाही फसवले गेले. चुकीचा माणूस आत गेला म्हणजे खरा खुनी बाहेर राहिला. खोट्या तपासाचा पहिला फायदा त्यालाच होतो. म्हणून निर्दोषांची बाजू घेणे म्हणजे मृतांच्या विरोधात उभे राहणे नव्हे.

पुतणीला मी एवढेच म्हणालो, “बेटा, सुटका म्हणजे न्याय नव्हे. सुटका म्हणजे अन्याय थांबला, इतकेच. ज्याने अडकवले त्याला जाब विचारला जाईल आणि ज्याची वर्षे गेली त्याला हक्काने भरपाई मिळेल, तिथून न्याय सुरू होतो. वकील झालीस की तिथून सुरुवात कर.”