मुकादमाची शाळा

माणसांवर देखरेख करणाऱ्या माणसाला मराठीत दोन नावे आहेत. जुने नाव मुकादम. ते अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि त्याचा मूळ अर्थ ‘पुढे ठेवलेला’. नवे नाव पर्यवेक्षक. ते संस्कृतातून घडवलेले आणि त्याचा अर्थ ‘चहूकडून पाहणारा’. शब्दांची चिरफाड करणे हा आम्हां मराठीच्या प्राध्यापकांचा पोटापाण्याचा उद्योगच आहे, म्हणून सांगतो. पुढे राहणे आणि पाहणे ही दोन कामे या शब्दांत आली. शिकवणे मात्र दोहोंपैकी एकातही नाही. आणि कारखान्यातली निम्मी धुसफूस तेथूनच सुरू होते.

रात्रीच्या वर्गातला माझा एक जुना विद्यार्थी ठाण्याकडच्या एका कारखान्यात यंत्रावर होता. हात इतका सफाईदार की साहेब लोक पाहुण्यांना त्याचे काम दाखवायला आणीत. त्याचेच बक्षीस म्हणून त्याला बढती मिळाली. सोमवारी यंत्रावर होता, मंगळवारी बारा माणसांचा सुपरवायझर झाला! मधल्या वेळात ‘बाबा रे, माणसांशी असे वाग’ म्हणून कोणी त्याला अर्धा तास बसवून सांगितले नाही. कालपर्यंत डब्यातली भाजी वाटून खाणारे सोबती तो आला की गप्प होऊ लागले. एका नव्या मुलाने तीनदा माल बिघडवला, तेव्हा ‘तुला दाखवलं होतं ना!’ म्हणून याने त्याला सर्वांदेखत झापले. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. विद्यार्थी मला म्हणाला, “सर, वाढलेला पगार परत घ्या म्हणावं, पण मला माझं मशीन द्या.”

एका घरची मिळती भाकरी गेली आणि एका कसबी माणसाची झोप उडाली. दोष कुणाचा? ‘दाखवलं होतं’ या सहा अक्षरी समाधानाचा नव्हे, तर ‘दाखवणे म्हणजे शिकवणे’ या आपल्या सर्वांच्या समजुतीचा.

या समजुतीवर एक मोठी मोहीम अमेरिकेत झाली. १९४० साली युद्धाची तयारी सुरू झाली, कारखान्यांत नवखे लोक लोटले आणि त्यांना शिकवणारे जाणते लोक पुरेनात. तेव्हा सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची योजना काढली. तिचा विचार साधा होता. पर्यवेक्षकाला पाच गोष्टी लागतात. कामाचे ज्ञान आणि जबाबदारीचे ज्ञान या दोन त्याला कारखान्यातच मिळतात. उरलेल्या तीन म्हणजे कसब : शिकवण्याचे, कामाची रीत सुधारण्याचे आणि माणसे सांभाळण्याचे. प्रत्येक कसबासाठी दहा तासांचा वर्ग, दोन-दोन तासांच्या पाच बैठका. शेवटी खिशात मावेल असे एक कार्ड. १९४५ मध्ये योजना संपली, तोपर्यंत १६ हजारांहून अधिक कारखान्यांतल्या १६ लाखांहून अधिक लोकांनी हे वर्ग पुरे केले होते.

पहिल्याच बैठकीत एक गंमत असे. विजेच्या तारेची एक विशिष्ट गाठ शिकवणारा आधी नुसती तोंडाने सांगे. कोणाला जमत नसे. मग तो न बोलता नुसती बांधून दाखवी. तरी जमत नसे. खोटे वाटत असेल, तर या दिवाळीत घरी करून पाहा. करंजीला मुरड कशी घालायची, हे कागदावर लिहून सुनेच्या हाती द्या. किंवा सासूबाईंनी भराभर दहा करंज्या मुरडून ‘बघितलंस ना?’ म्हणावे. ताटात काय पडेल ते मी सांगायला नको!

म्हणून त्या कार्डावर चार पायऱ्या होत्या. आधी शिकणाऱ्याची भीती घालवून त्याला काय येते ते विचारा. मग एकेक पायरी सांगत-दाखवत, नेमके मर्म कोठे आहे ते समजावा. मग त्याच्याकडून करवून घ्या, आणि तो काय करतो आहे ते त्यालाच सांगू द्या. शेवटी त्याला एकट्याला सोडा, पण अडल्यास कोणाकडे जायचे ते सांगून ठेवा आणि अधूनमधून डोकावा. तरीही त्याला आले नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही असे समजा!

बी.टी. झालेल्या जुन्या शिक्षकांना यात ओळखीचा वास येईल. हर्बार्ट या जर्मन पंडिताच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या सांगितल्या. आपली शाळेतली ‘पंचपदी’ ती हीच. तोच विचार चार्ल्स ॲलन यांनी पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी चार पायऱ्यांत बसवला, आणि तेथून तो या कार्डावर आला. म्हणजे कारखान्याने ही विद्या शाळेकडूनच उसनी घेतली.

माणसे सांभाळण्याच्या वर्गातही असेच साधे नियम होते. ज्याचे त्याला त्याचे काम कसे चालले आहे ते कळू द्या. चांगल्या कामाची शाबासकी वेळेवर द्या. ज्याच्यावर परिणाम होणार, त्याला बदल आधी सांगा. आणि तंटा उभा राहिला, तर निकालाआधी हकिकत पुरती गोळा करा.

आपल्याकडे मात्र वारसा निराळा होता. मुंबईच्या गिरण्यांत माणूस ठेवणे, काढणे हे जॉबरच्या मर्जीवर असे आणि त्यासाठी त्याचे हात ओले करावे लागत. नवखा पोरगा एखाद्या गाववाल्याच्या साच्याशेजारी उभा राहून पाहून पाहून शिके. १९३१ साली रॉयल कमिशनने कामगारभरतीचा अधिकार जॉबरच्या हातून काढावा असे सुचवले. अधिकाराचा विचार झाला. शिकवण्याचा विचार मात्र मागेच राहिला. उलट युद्धात हरलेल्या जपानने अमेरिकेचे ते कार्ड उचलले आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ते वर्षानुवर्षे जपले. अमेरिकेत मात्र युद्ध संपताच ते बहुतेक ठिकाणी विस्मृतीत गेले.

आज गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि सुपरवायझरला ‘टीम लीडर’ म्हणू लागले. नाव बदलले, तरी सोमवारचा कारागीर मंगळवारी साहेब होतोच आहे. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत तुमच्या घरी कोणाच्या बढतीचे पेढे आले, तर खुशाल खा. पण पगार किती वाढला हे विचारण्याआधी एवढे विचारा, “हाताखाली माणसे दिली, ती शिकवायची कशी हे तुला कोणी शिकवलं का?” उत्तर ‘नाही’ आले, तर त्याला कचेरीत ते मागून घ्यायला सांगा. दहा तासांचेच तर काम आहे, आणि त्यावर कोणाची तरी भाकरी अवलंबून असते.