म्हाताऱ्या राखणदाराचे पाणी

श्रावण-भाद्रपदातल्या कोल्हापुरात दोरीवर घातलेले काहीही लवकर वाळत नाही. बाहेर पावसाची रिपरिप, घरात पर्व जवळ आल्याची लगबग, देवघराची झाडलोट, पूजेची वस्त्रे वेगळ्या दोरीवर. आणि अशाच एखाद्या सकाळी जिन्याखाली झोपलेला घरचा कुत्रा उठतो, तो खालचे पोते ओलेचिंब निघते. लक्ष्मीपुरीतील धान्याच्या दुकानावर किंवा शाहूपुरीतील गुळाच्या पेढीवर पिल्लू म्हणून आलेला आणि दहा-बारा वर्षे वखारीची राखण केलेला हा जीव. इतक्या वर्षांत त्याने घरात एकदाही घाण केलेली नसते. म्हणूनच घरच्यांना तो खोडकरपणा वाटतो, आणि येथूनच चुकांना प्रारंभ होतो.

पहिल्या दिवशी त्याला दटावले जाते. दुसऱ्या दिवशी परसात बांधले जाते. तिसऱ्या दिवशी घरातील कोणी शहाणे माणूस तोडगा सुचवते : संध्याकाळी पाण्याचे भांडेच उचलून ठेवावे, म्हणजे रात्री प्रश्नच उरणार नाही. सूर्यास्तानंतर घरात कोणीच पाणी घेत नाही, मग कुत्र्याने का घ्यावे, असाही युक्तिवाद होतो.

तिन्ही उपायांत हा तिसरा सर्वांत साळसूद दिसतो आणि सर्वांत घातक तोच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतका भार लादणे आणि अन्नपाणी अडवणे. घरात कोणाच्याही मनात दुष्टावा नसताना तीन दिवसांत यांपैकी दोन-तीन अतिचार उंबरठ्याच्या आत घडून जातात. चौविहार हे स्वेच्छेने घेतलेले व्रत आहे. ज्याला ते उमगत नाही, ज्याने ते घेतलेले नाही, त्याच्यापुढून भांडे उचलणे म्हणजे व्रत नव्हे; त्याला शास्त्राने अन्नपाननिरोध असेच नाव दिले आहे.

वैद्यकाचा निर्वाळाही तोच आहे. म्हाताऱ्या कुत्र्याला अकस्मात लघवी आवरेनाशी होते, तेव्हा पुष्कळदा मूळ दुखणे मूत्राशयात नसून अन्यत्र असते. मूत्रपिंडे थकली की लघवी पातळ आणि पुष्कळ होते. शरीरातून गेलेले पाणी भरून काढण्यासाठी कुत्रा सारखे पाणी पितो. मधुमेहातही तसेच, आणि अधिवृक्क ग्रंथींच्या काही विकारांतही. तो जास्त पितो म्हणून जास्त मुततो असे आपण समजतो. वस्तुतः बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. अशा कुत्र्याचे पाणी तोडले तरी लघवी थांबत नाही, शरीर मात्र सुकत जाते आणि थकलेली मूत्रपिंडे आणखी ढासळतात.

म्हणून पहिले काम मोजमापाचे, आणि व्यापारी घराला ते अवघड वाटू नये. सकाळी गाळलेले पाणी मापून भांड्यात घालावे, दिवसभरात जितके वाढवले त्याची नोंद ठेवावी, दुसऱ्या सकाळी उरलेले वजा करावे. निरोगी कुत्रा दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. १०० च्या वर गेला तर तपासणी हवीच. वीस किलोचा कुत्रा रोज दोन लिटरांहून अधिक पीत असेल, तर तो आकडा वैद्यासमोर ठेवावा. तीन दिवसांची अशी नोंद म्हणजे निम्मे निदान.

दुसरी नोंद, लघवी केव्हा होते याची. जागेपणी बाहेर व्यवस्थित करतो आणि झोपेत मात्र अंथरूण भिजते, असे असेल तर मूत्रमार्गाचे तोंड आवळून धरणारा स्नायू सैल झालेला असू शकतो. शस्त्रक्रियेने गर्भाशय काढलेल्या कुत्रींत हे विशेष आढळते, आणि औषधाने त्यांपैकी अनेकींना चांगला गुण येतो. वारंवार थोडी थोडी, कण्हत किंवा लालसर होत असेल तर जंतुसंसर्ग किंवा खडा संभवतो. नरांत वाढलेली पुरस्थ ग्रंथीही. मागचे पाय लटपटत असतील तर दुखणे पाठीच्या कण्याचे असू शकते. त्वचारोगासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तहान आणि लघवी त्यांनीही वाढते. हे डॉक्टरांना सांगायचे घरचे बहुधा विसरतात.

तीन प्रसंगी मात्र नोंदी करत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जोर करूनही लघवी होत नाही आणि नुसते थेंब गळतात, तेव्हा मार्ग तुंबलेला असतो. शस्त्रक्रिया न झालेली म्हातारी कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत मलूल होते, फार पाणी पिते, तेव्हा गर्भाशयात पू झालेला असू शकतो. आणि पाय एकाएकी लुळे पडले, तर कणा. घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याला कदापि देऊ नयेत. आयबुप्रोफेन कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करू शकते.

दवाखान्यात जाताना सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना स्वच्छ, कोरड्या वाटीत धरून न्यावा. कुत्रा काय खातो तेही मोकळेपणाने सांगावे. भाकरी-दूध, वरण-भात अशा आहारावर लघवी अल्कधर्मी होण्याकडे कल असतो आणि काही जातींच्या खड्यांशी त्याचा संबंध येतो. हा अन्नाचा दोष म्हणून लपवण्याचे कारण नाही, वैद्याला त्याचा उपयोग होतो. (कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना विषासमान असतात, त्या बाबतीत जैन स्वयंपाकघरात वाढलेला कुत्रा आधीच सुखरूप.) कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, तेव्हा त्याच औषधाची गोळी किंवा पातळ रूप मिळेल का, हे विचारण्यात संकोच नसावा. शहरात निदान लागले नाही, तर पुण्याच्या महामार्गावर शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

पाठवून द्यावा का, हा प्रश्न यानंतर कुजबुजत येतो. पांजरपोळ म्हटले की कोल्हापूरकराला आज आधी कारखान्यांची वसाहत आठवते. शब्द मात्र जुन्या करुणेचा आहे. १८३२ मध्ये मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, जैन व हिंदू व्यापारीही त्याला मिळाले, दुकाने बंद झाली. त्या क्षोभानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि जैन शेठ मोतीशा अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. ती ज्यांना कोणी नव्हते त्यांच्यासाठी. घर असलेला, नावाने हाक मारली की मान वर करणारा कुत्रा ओल्या पोत्यापायी तेथे किंवा बाजार समितीच्या आवारात नेऊन सोडणे हा त्या परंपरेचा वारसा नव्हे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसारही भुकेतहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे आणि त्याला पुरेसे अन्नपाणी न देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. ‘इंजेक्शन देऊन सोडवा’ असे सुचवणारेही भेटतात. लघवी न आवरणे हा काही मरणाचा आजार नव्हे, एवढे त्यांना सांगता येते.

राहता राहिली घराची शुद्धी, आणि ती चिंता खोटी नाही. जो धर्म मुनींना मलमूत्र कोठे व कसे विसर्जावे यासाठी स्वतंत्र समिती सांगतो, त्याला हा विषय ओंगळ वाटण्याचे कारण नाही. यतनेचाच तो भाग आहे. पोते रद्द करावे, ते ओल धरते. खाली प्लास्टिकचे कापड, वर जुन्या सुती धोतराच्या घड्या, अशा चार-पाच जोड्या असाव्यात. भिजलेली घडी तासन्‌तास पडू न देता लगेच पाण्यात काढावी. अंगाचा भिजलेला भाग कोमट पाण्याने पुसून कोरडा करावा, नाहीतर कातडी सोलवटते आणि पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडतात. फरशीला उग्र फिनेलपेक्षा साबणाचे पाणी बरे. कुत्रा पाय चाटतो. रात्री निजण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा त्याला बाहेर नेले की निम्मे अंथरूण कोरडे राहते. हे काम घरच्या सुनेचेच, असे गृहीत धरण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. दुकान बंद करून येणाऱ्या पुरुषांनी रात्रीची फेरी घेतली तर कोणाचेच काही बिघडत नाही. कुत्रा तसाही आयुष्यभर त्यांच्याच मागे वखारीत जात आलेला असतो.

गावात मुनिसंघ असेल आणि घरी चौका लागणार असेल, तर त्या वेळेपुरती त्याची जागा परसातील पत्र्याखाली करावी, स्वयंपाकघर व देवघर यांची वाट त्याच्यासाठी फळी लावून बंद करावी. त्यात गैर काही नाही. फक्त फळीच्या कोणत्या बाजूला पाण्याचे भांडे राहिले, ते दार लावण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.