मागें राहिलेल्यांचा गुन्हा कोणता ?

तोरणमाळ म्हटलें कीं शहरांतल्या सुखवस्तु लोकांना यशवंत तलाव, थंड हवा आणि महाशिवरात्रीची गोरखनाथाची यात्रा आठवते. पण त्याच सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून भिल्ल व पावरा शेतकरी राहतो, शेतीचें काम सरलें कीं बायकापोरांसह ऊस तोडायला गुजरातेंत उतरतो, आणि एखादे वेळीं त्याच्या घरांत असा मृत्यु होतो कीं त्याचें नांव काढायलाहि शेजारी कचरतात. आत्महत्येची बातमी वर्तमानपत्रांत चार ओळींत आटोपते. मागें राहिलेल्या आईचें, बायकोचें, पोरांचें आणि जिवलग मित्राचें पुढें काय होतें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आज आम्ही तेंच विचारणार आहों.

सन 2022 मध्यें देशांत 1,70,924 माणसें अशा रीतीनें गेलीं, असें सरकारी गुन्हे नोंदणीचे आंकडे सांगतात. त्यांतलीं 22,746 एकट्या महाराष्ट्रांतलीं, म्हणजे सर्व राज्यांत सर्वांत जास्त. या प्रत्येक आंकड्याच्या मागें एक घर आहे, आणि त्या घराच्या दारांत दुःखापाठोपाठ तीन न्यायाधीश येऊन बसतात.

पहिला न्यायाधीश धर्माच्या नांवाचा. तो म्हणतो, हा अपमृत्यु; आत्मा भटकतो आहे; त्र्यंबकेश्वरीं जा, तीन दिवसांचा नारायण-नागबळी करा. ज्या घरांत उद्यांच्या दळणाची पंचाईत, त्या घरानें दक्षिणेसाठीं कर्ज काढावें काय ? मेलेल्याच्या नांवानें जिवंतांना लुबाडण्याचा हा धंदा आमच्या वाचकांना नवा नाहीं. पण निव्वळ भिक्षुकाला बोल लावून आपण मोकळे होऊं नये. आपल्यांतलाच एखादा भगत उठतो आणि कोणा निराधार बाईकडे बोट दाखवून तिला डाकीण ठरवितो. एका मृत्यूच्या शोकांतून दुसऱ्या घराचा नाश होतो. 2013 सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें असल्या छळाला शिक्षा सांगितली आहे. पण कायदा डोंगर चढण्याच्या आधीं गांवच्या शहाण्या माणसांनीं उठून उभें राहिलें पाहिजे.

दुसरा न्यायाधीश शेजारी. बायकोनें छळलें असेल, बापानें मारलें असेल, मित्रानें नाद लावला असेल, असे निकाल ओट्यावर बसून दिले जातात. वास्तविक माणूस एका कारणानें जात नाहीं. कर्ज, दुखणें, दारू, मनाचा आजार, घरांतला ताण, अपमान असे अनेक धागे एकांत एक गुंततात. मागें राहिलेला जीव आधींच रात्रंदिवस स्वतःला विचारीत असतो, कीं मी त्या दिवशीं घरीं असतों तर ? त्याच्या जखमेवर आपण आणखी मीठ कां चोळावें ? त्यांतून ती विधवा असेल तर कुंकू पुसा, बांगड्या फोडा, शुभकार्यांत मागें रहा. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामसभेनें मे 2022 मध्यें या चालींना बंदी करणारा ठराव केला. ज्या भिल्ल-पावऱ्यांना शिकलेले लोक रानटी म्हणत आले, त्यांच्यांत विधवेनें पुन्हा घर मांडणें हें पाप नाहीं. मग रानटी कोण ?

तिसरा न्यायाधीश सरकार. 19 डिसेंबर 2005 च्या निर्णयानें आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबास एक लाख रुपये ठरले. 30 हजार रोख आणि 70 हजार ठेवीत. पण अटी काय ? जमीन कुटुंबांतील कोणाच्या तरी नांवावर हवी, कर्ज बँकेचें, सोसायटीचें किंवा परवानाधारक सावकाराचें हवें, आणि वसुलीचा तगादाहि दिसला पाहिजे. म्हणजे ज्याच्या नांवावर सात-बारा नाहीं, ज्यानें मुकादमाची उचल घेतली, त्याच्या मृत्यूवर ‘अपात्र’ असा शेरा पडावयाचा. दुःख अपात्र कसें होतें, हें एखाद्या कारकुनानें आम्हांस समजावून सांगावें !

कांहीं सज्जन म्हणतील, अशा घरांना फार जवळ केलें तर आत्महत्येलाच मान मिळेल. आम्हांस हें पटत नाहीं. त्या मरणाचा गौरव करूं नये, फलक लावूं नयेत, कसें झालें त्याचीं रसभरित वर्णनें करूं नयेत, हें खरेंच. पण शोक करणाऱ्याला जवळ घेणें म्हणजे मरणाचा गौरव नव्हे. उलट, ज्यांचें माणूस असें जातें त्यांच्यावरच पुढें तसला विचार येण्याचें सावट अधिक असतें. त्यांना एकटें टाकणें हाच खरा धोका होय.

यवतमाळ जिल्ह्यांतील वैशाली येडे यांचे शेतकरी पति असेच गेले. त्याच बाईंनीं जानेवारी 2019 मध्यें यवतमाळच्या साहित्य संमेलनाचें उद्घाटन केलें, आणि ज्यांना पुस्तकांत जागा नव्हती त्यांचें दुःख मंडपांत बसलेल्यांना ऐकविलें. अशा बाईला दयेपेक्षां बोलावयास जागा हवी असते.

तेव्हां करावें काय ? आमचें सांगणें साधें आहे. जा आणि बसा. कसें झालें, कां झालें, हें विचारूं नका. गेलेल्याचें नांव घ्या. त्याच्या चांगल्या गोष्टी बोला. मुलांना खोटें सांगूं नका. त्यांच्या वयाला समजेल इतकें खरें सांगा, आणि यांत तुमचा दोष नाहीं हें पुन्हां पुन्हां सांगा. आश्रमशाळेंतल्या त्याच्या सोबत्यांनाहि मास्तरांनीं जवळ बसवावें. मित्राचें दुःख नात्यांत मोजलें जात नाहीं म्हणून तें लहान नसतें. पंचनाम्याच्या, तलाठ्याच्या खेपांना एकानें बरोबर जावें. पोलिसांची चौकशी ही कायद्याची रीत आहे. चौकशी झाली म्हणजे घर गुन्हेगार ठरलें असें नव्हे. पेरणीच्या वेळीं एका दिवसाचें औत द्या. दिवस उरकले कीं पाहुणे जातात आणि खरा काळोख तेव्हां सुरू होतो. म्हणून महिन्यानें जा, होळीला जा, सपाटीवरच्यांनीं पहिल्या अखाजीला घागर भरली जाईल तेव्हां जा.

आणि कोणाच्या तोंडून जगणें नको असा शब्द निघाला तर तो हंसण्यावारी नेऊं नका. त्याला एकटा सोडूं नका, आशाताईला कळवा, दवाखान्यांत न्या. 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर रात्रीं-बेरात्रीं फुकट बोलतां येतें, आणि मराठींतहि बोलतां येतें. पाड्यावर रेंज नसेल तर त्याला घेऊन रेंजपर्यंत चालत जा. सोबत चालणें हेंहि औषधच आहे.

सरकारनें पात्र-अपात्राचें कोष्टक बाजूला ठेवून प्रत्येक अशा घरीं आरोग्य खात्याचा माणूस पाठवावा, ही आमची मागणी आहे. पण सरकारची वाट पाहत गांवानें दार लावून बसूं नये. ज्या गांवांत लग्नाला शंभर हात धांवतात, त्या गांवांत या घरासाठीं दहा हात निघूं नयेत काय ?