परराष्ट्रधोरण आणि शेतकऱ्याची कणगी

परराष्ट्रधोरण हा शब्द कानीं पडला कीं आमचे शेतकरी व कारागीर बंधु म्हणतात, "तें दिल्लीकरांचें काम, आमच्या खळ्याशीं त्याचा काय संबंध?" शहाणेसुरते म्हणविणारेही त्यांस हेंच सांगत आले आहेत कीं, बाबांनो, तुम्ही नांगर धरा, वकिलाती व तहनामे आम्ही पाहून घेऊं. हा समज आम्हांस घातक वाटतो. एका देशानें दुसऱ्या देशाशीं कसें वागावें हें मेजवान्यांवरून व गोड भाषणांवरून ठरत नसतें. घरांत काय उरलें आहे, काय कमी पडतें आहे, आणि घरांतल्या कोणाच्या शब्दास वजन आहे, यांवरून तें ठरतें. त्यालाच राष्ट्रहित असें भारदस्त नांव आहे. आज आम्ही हा विषय गव्हाच्या एका हकीकतीवरून मांडणार आहों. हकीकत अमेरिकेची आहे. पण तींतला गहूं आमच्या कित्येक वाचकांच्या आजाआजींनीं रेशनच्या रांगेंत उभें राहून आणलेला व खाल्लेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत गहूं इतका पिकूं लागला कीं तो ठेवावा कोठें हा प्रश्न पडला. तेथील सरकारनें शेतकऱ्यास भावाची हमी दिलेली होती. बाजार उतरला कीं माल सरकारी कोठारांत येई. कोठारें भरलीं, राखणीचा खर्च डोईजड झाला. सगळा माल बाजारांत ओतावा तर भाव कोसळून शेतकरी बुडतो, आणि शेतकरी बुडाला तर त्याच्या मतावर निवडून येणाराही बुडतो. या पेंचांतून काढलेली वाट म्हणजे १९५४ च्या जुलै महिन्यांत अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं सही केलेला कायदा. आपल्याकडे तो पी. एल. ४८० या नांवानें ठाऊक आहे. ज्या देशांजवळ डॉलर नाहींत त्यांनीं आपल्याच नाण्यांत किंमत भरावी व गहूं न्यावा, अशी त्याची मांडणी. कायद्याच्या मूळ नांवांत शेतमालाचा व्यापार वाढविणें हें आधीं आहे व साहाय्य हा शब्द मागाहून आहे. नांव ठेवणारे प्रामाणिक होते म्हणावयाचे. 'शांततेसाठीं अन्न' हें गोड नांव पुढें अध्यक्ष केनेडी यांच्या काळांत रूढ झालें. त्याच १९५४ सालच्या दुसऱ्या एका कायद्यानें अशा मालाचा निदान अर्धा हिस्सा अमेरिकन जहाजांतूनच गेला पाहिजे असेंही ठरलें. म्हणजे कोठार रिकामें झालें, जहाजवाल्यास भाडें मिळालें, परदेशांत गिऱ्हाईक तयार झालें, आणि भुकेल्यास दाणे मिळाले. या चारही गोष्टी खऱ्या आहेत. चौथीच तेवढी सांगितली जाते.

आमच्या देशास पहिला धडा या कायद्याच्या आधींच मिळाला होता. १९५१ सालीं धान्याची टंचाई पडली तेव्हां हिंदुस्थानानें अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितलें. ही मागणी तेथील कायदेमंडळांत कित्येक महिने अडकून पडली. कोरियाच्या युद्धांत पंडित नेहरूंनीं अमेरिकेची री ओढली नव्हती, याचा राग अनेक सभासदांच्या मनांत होता. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटची वाळू, जिच्यांतून अणुशक्तीच्या कामाचें थोरियम निघतें, ती मिळाल्याखेरीज धान्य देऊं नये, असेंही कांहींचें म्हणणें होतें. शेवटीं जूनमध्यें धान्य मंजूर झालें. पण देणगी म्हणून नव्हे, १९ कोटी डॉलरचें कर्ज म्हणून.

पी. एल. ४८० चा आपला पहिला करार १९५६ सालीं झाला. १९६० च्या मे महिन्यांत तेव्हांचे अन्नमंत्री, आपल्या मुंबईचे स. का. पाटील, यांनीं वॉशिंग्टनला जाऊन चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहूं व १० लाख टन तांदूळ आणण्याचा करार केला. दिल्लीस ही सोय फारच मानवली. रेशनच्या दुकानांत स्वस्त गहूं दिसला कीं गिरणगांव शांत आणि कचेऱ्याही शांत. परंतु परदेशी धान्य असें उतरत्या दरानें आल्यावर येथल्या गव्हाला व जोंधळ्याला भाव कोण देणार? कर्ज काढून विहीर खणावी, खत घालावें, इतका हुरूप शेतकऱ्यास यावा कोठून? हा आक्षेप त्या वेळींच अनेक अर्थशास्त्र्यांनीं घेतला होता. सह्या करणाऱ्या दोन्ही सरकारांचें हित साधलें; अमेरिकेंतल्या शेतकऱ्याचें साधलें; आपल्या शेतकऱ्याचा हिशेब मात्र कोणत्याच रकान्यांत नव्हता. बांधाबांधावर माजलेलें गाजरगवत याच गव्हाबरोबर आलें असें आमच्या खेड्यांतून सर्रास मानतात व त्यास 'काँग्रेस गवत' म्हणतात. तें कोणत्याही वाटेनें आलेलें असो, त्याच्या खुरपणीची मजुरी शेतकऱ्यास कोणी भरून दिली नाहीं.

मग आलें १९६५ साल. १९६४-६५ च्या हंगामांत देशांत सुमारें ८ कोटी ९० लाख टन धान्य झालें होतें. पुढच्या हंगामांत पावसानें दगा दिला आणि तें ७ कोटी २० लाखांवर आलें. लांब मुदतीचा करार १९६५ च्या जूनअखेर संपला होता. अध्यक्ष जॉन्सन यांनीं तसा नवा करार केलाच नाहीं. थोड्या थोड्या महिन्यांपुरता गहूं मोजून द्यावा आणि पुढचें जहाज सोडावयाचें कीं नाहीं हें आपण ठरवावें, असा क्रम त्यांनीं ठेवला. दावणीच्या जनावराचा दोर आखूड करावा तसाच हा प्रकार. लालबहादूर शास्त्री यांनीं लोकांस सोमवारचें रात्रीचें जेवण सोडावयास सांगितलें तें याच दिवसांत. १९६६ च्या जूनमध्यें, अमेरिका व जागतिक बँक यांच्या रेट्यानें, रुपयाची किंमत उतरवावी लागली. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते ते ७ रुपये ५० पैसे पडूं लागले. जुलैंत इंदिरा गांधी मॉस्कोस गेल्या आणि तेथील संयुक्त पत्रकांत व्हिएतनामवरील बॉंबफेकीविरुद्ध शब्द आले. जॉन्सनसाहेब संतापले. हिंदुस्थान म्हणतो तेंच पोप व संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट हेही म्हणतात, असें त्यांस समजावण्याचा यत्न झाला तेव्हां, त्या दोघांना आमचा गहूं लागत नाहीं, असें उत्तर त्यांनीं दिल्याचें सांगतात. उत्तर कडू आहे, पण व्यवहाराला धरून आहे. बिहारच्या दुष्काळांत याच गव्हानें पुष्कळ जीव वांचविले, हेंही आम्ही विसरत नाहीं.

या अडचणींतून एक गोष्ट मात्र बरी निघाली. ज्या शेतकऱ्याकडे दहा वर्षें काणाडोळा केला होता त्याची दिल्लीस एकाएकीं आठवण झाली. अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम् यांनीं शेतीसाठीं पैसा मागून घेतला. १९६५ सालीं अन्न महामंडळ व शेतमालाच्या किंमतींचा आयोग हीं दोन्ही उभीं राहिलीं. १९६६ सालीं मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचें बियाणें आणलें. बियाणें, पाणी, खत आणि भावाची खात्री या चार गोष्टी हातीं येतांच १९६७-६८ सालीं गहूं १ कोटी ६५ लाख टन पिकला. आदल्या वर्षीं तो १ कोटी १४ लाख होता. १९७१ च्या युद्धांत अमेरिकेनें आपलें आरमार बंगालच्या उपसागरांत धाडलें, तरी दिल्ली डगमगली नाहीं. त्याचीं कारणें अनेक आहेत, रशियाशीं ऑगस्टमध्यें केलेला तह हें एक मोठें. पण कोठारांतला गहूं हेंही त्यांतलेंच. तो गहूं ज्यांनीं पिकविला त्यांचीं नांवें परराष्ट्रधोरणाच्या पुस्तकांत सहसा सांपडत नाहींत.

ज्याच्या कणगींत दाणे नाहींत त्याचें काय होतें हें पाहावयाचें तर १९७४ सालचा बांगलादेश पाहावा. नवा देश, त्यांत पुराचा तडाखा. अशा वेळीं त्या देशानें क्यूबाला तागाचीं ४० लाख पोतीं विकलीं. क्यूबाशीं अमेरिकेचें वैर, आणि क्यूबाशीं व्यापार करणाऱ्यास पी. एल. ४८० चें धान्य देऊं नये असा कायदा. धान्य अडलें. क्यूबाशीं व्यापार बंद झाल्यावर तें सुटलें, पण तोंपर्यंत दुष्काळानें आपलें काम केलें होतें. ताग पिकविणाऱ्यानें व गोणपाट विणणाऱ्यानें आपला माल कोणाला विकावा, हें हजारों मैलांवरच्या भांडणानें ठरविलें.

यावरून कोणी म्हणेल कीं अमेरिका आपल्या तत्त्वाला फार पक्की. तसेंही नाहीं. १९८० च्या जानेवारींत, रशियानें अफगाणिस्तानांत फौजा घातल्या म्हणून, अध्यक्ष कार्टर यांनीं रशियास जाणारें १ कोटी ७० लाख टन धान्य अडविलें. रशियानें अर्जेंटिनाकडून माल घेतला, आणि अमेरिकेंतला शेतकरी खवळला. त्याच वर्षीं निवडणूक होती. कार्टर हरले, त्याचीं कारणें पुष्कळ होतीं. पण निवडून आलेले रेगन, जे रशियाचे कट्टर वैरी, त्यांनीं १९८१ च्या एप्रिलांत ही बंदी उठविली. १९८३ च्या मार्चमध्यें त्यांनीं रशियास सैतानी साम्राज्य म्हटलें आणि ऑगस्टमध्यें त्याच रशियाला दरवर्षीं निदान ९० लाख टन धान्य विकण्याचा करार केला. अफगाणिस्तानांतल्या रशियन फौजा तेव्हां होत्या तेथेंच होत्या. आम्हांस यांत हंसण्यासारखें कांहीं वाटत नाहीं, हेवा वाटतो. कॅन्सस व आयोवाच्या शेतकऱ्यानें राष्ट्रहित या शब्दांत आपलें नांव घालून घेतलें होतें. त्याची संघटना होती, तो मत मोजून देत होता, आणि त्याचा प्रतिनिधि त्यास भीत होता.

आतां आपल्या घराकडे वळूं. कारण ज्या तऱ्हेनें पूर्वीं गहूं आमच्यावर चालविला गेला, त्याच तऱ्हेनें आमचा कांदा आम्हींच दुसऱ्यावर चालविला आहे. २०१९ च्या सप्टेंबरांत कांद्याची निर्यात एकाएकीं बंद झाली. तेव्हांच्या बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांनीं दिल्लींतच विनोदानें सांगितलें कीं आपण आचाऱ्यास कांद्यावांचून स्वयंपाक करावयास सांगितलें आहे. विनोदाच्या पोटांत तक्रार होती. २०२० च्या सप्टेंबरांत पुन्हां तेंच. २०२३ च्या ऑगस्टांत कांद्यावर शेंकडा ४० निर्यातकर बसला, लासलगांवचे लिलाव बंद पडले. डिसेंबरांत निर्यातच थांबली. पुढच्या वर्षीं लोकसभेची निवडणूक होती व शहरांत कांदा महागतां कामा नये, हें उघड होतें. पण बंदी सर्वांना नव्हती. २०२४ च्या एप्रिलांत सरकारनें बांगलादेश, संयुक्त अरब अमीरात, भूतान, बहारीन, मॉरिशस व श्रीलंका या सहा देशांस मिळून ९९,१५० टन कांदा देण्याची मुभा जाहीर केली, आणि तो पाठविण्याचें काम एका सहकारी निर्यात संस्थेकडे दिलें. स्नेही देशांशीं स्नेह राखणें योग्यच आहे. आम्हीही तेंच म्हणूं. परंतु हा स्नेह कोणाच्या चाळींतून गेला? खुल्या बाजारांत ज्याला चार पैसे अधिक मिळाले असते त्या नाशिक-नगरच्या कुणब्यानें, माळ्यानें हा आहेर केला, आणि आहेराच्या यादींत त्याचें नांव नाहीं. बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली, तीही शेंकडा ४० कर ठेवून. तो कर पुरता जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

कापसाचें उदाहरण याहून अवघड आहे, कारण त्यांत आमचेच दोन वाचक समोरासमोर उभे राहतात. २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेनें आमच्या मालावर शेंकडा ५० पर्यंत जकात चढविली. तिचा निम्मा भाग रशियाचें तेल घेतल्याबद्दलचा होता. शेतकऱ्याच्या हिताशीं तडजोड होणार नाहीं, असें पंतप्रधानांनीं ७ ऑगस्टला सांगितलें. १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरची शेंकडा ११ जकात उठली, आधीं सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे वऱ्हाड-मराठवाड्याचा कापूस वेंचून बाजारांत येण्याचे नेमके तेच दिवस. कापडधंद्याचें म्हणणें खोटें नव्हतें. अमेरिकेचा दरवाजा लागला असतां सूत तरी स्वस्त मिळावें, असें इचलकरंजीच्या व मालेगांवच्या मागवाल्यासही वाटणारच. त्याला शेतकऱ्याचा वैरी ठरविणाऱ्यांचा आम्ही धिक्कार करतों. पण दोघांचें हित एकदम सांभाळावयाचें तर जकात उठविण्याच्या हुकमाबरोबरच, हमीभावानें कापूस घेण्याचीं केंद्रें पहिल्या वेंचणीच्या आधीं तालुक्यातालुक्यांत उघडतील, ओल्या मालाचें निमित्त करून गाड्या परतविल्या जाणार नाहींत, आणि भाव पडल्यास फरक भरून मिळेल, असा दुसरा हुकूम निघावयास हवा होता. मागणी करणाऱ्या गिरणीवाल्यांची संघटना दिल्लींत आहे. कापूसवाल्याची कोठें आहे?

तिचें काम गांवींच सुरूं होऊं शकतें. ग्रामसभेंत, सोसायटीच्या वार्षिक सभेंत, बाजार समितीच्या निवडणुकींत हा विषय काढा. परदेशाशीं व्यापाराचा कोणताही करार होण्यापूर्वीं त्यांत कोणत्या पिकावर किती जकात उतरणार हें मराठींत छापून गांवोगांव लावावें, असा ठराव करा व त्याची नक्कल खासदारास पाठवा. आणि मत मागावयास जो ओसरीवर येईल त्यास पाणी द्या, बसवा, आणि विचारा कीं २०२३ च्या डिसेंबरांत कांदा अडला तेव्हां व २०२५ च्या ऑगस्टांत कापूस खुला झाला तेव्हां तुम्ही सभागृहांत काय बोललां, तें आम्हांस वाचून दाखवा.